बिल्बाओ: गुगेनहाइमने शहर तारलं, की शहर सावरत होतं म्हणून गुगेनहाइम चाललं?

रस्तेवाला (धागाकर्ता)

शहरांवरची कुठलीही चर्चा निघाली की पाच-सहा प्रतिसादांत कुणीतरी बिल्बाओचं नाव काढतंच. उत्तर स्पेनमधलं, बास्क मुलखातलं, लोखंडावर वाढलेलं आणि लोखंडाबरोबरच बुडालेलं शहर. मग १९९७ मध्ये फ्रँक गेरी या वास्तुकाराने नदीकाठी टायटॅनियमचं गुगेनहाइम संग्रहालय उभं केलं, जग बघायला धावलं आणि शहराचं नशीब फळफळलं. गोष्ट झकास आहे. महापौर मंडळींना तर भारीच प्रिय, कारण तिच्यात एक दिमाखदार इमारत बांधली की बाकीचं आपोआप होतं!

मला ही गोष्ट अर्धवट वाटते, म्हणून हा धागा.

आधी पडझड किती होती ते सांगतो. नेर्व्हियोन नदीच्या खाडीकाठी समुद्रापर्यंत भट्ट्या, गोद्या, रेल्वेची यार्डं आणि बंदराचे धक्के यांची सलग रांग होती. एउस्काल्दुना ही जहाजबांधणीची गोदी १९०० ची. आल्तोस ओर्नोस दे बिस्काया हा पोलाद कारखाना १९०२ मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन झाला. सत्तरच्या दशकातलं तेलसंकट आणि पूर्वेकडची स्वस्त जहाजं यांनी या सगळ्याचं कंबरडं मोडलं. ऐंशीच्या दशकात फेलिपे गोन्सालेसच्या समाजवादी सरकारनेच तोट्यातले कारखाने आवळायला घेतले. १९८४ च्या शरदात गोदी कामगार आणि पोलीस यांच्यात देउस्तोच्या पुलावर आठवडेच्या आठवडे धुमश्चक्री चालली. दशकाच्या मध्याला बेकारी २५ टक्क्यांच्या घरात होती. त्यात २६ ऑगस्ट १९८३ ला, ऐन जत्रेच्या आठवड्यात महापूर आला, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि तीसहून जास्त माणसं दगावली.

आता क्रम बघा. खाडी साफ करायचा आराखडा १९७९ चा. नदीकाठच्या जमिनी ताब्यात घेऊन विकसित करणारी बिल्बाओ रिया २००० ही सरकारी कंपनी १९९२ ची. नॉर्मन फॉस्टरने आखलेली मेट्रो नोव्हेंबर १९९५ मध्ये धावली. बंदर शहरातून उचलून खाली समुद्राच्या तोंडाशी न्यायचं काम तोवर सुरू झालं होतं. गुगेनहाइम उघडलं ऑक्टोबर १९९७ मध्ये. म्हणजे पाहुणे आले तेव्हा घर बऱ्यापैकी आवरून झालेलं होतं. तरी श्रेय सगळं दारातल्या रांगोळीला.

तुमचं काय मत?

---

मेटॅलर्जीकाका

छान विषय. पण बिल्बाओच का, हे सांगितल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही.

१८५६ मध्ये हेन्री बेसेमरने पोलाद स्वस्तात करायची पद्धत काढली. तिची एक मेख होती: खनिजात फॉस्फरस असेल तर तो भट्टीतून निघत नसे आणि पोलाद ठिसूळ होई. ब्रिटनमधलं बरंचसं खनिज फॉस्फरसवालं. बिल्बाओच्या पश्चिमेला सोमोर्रोस्त्रोच्या डोंगरातलं हेमेटाइट मात्र जवळजवळ फॉस्फरसमुक्त, उघड्या खाणीत, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. झालं! ब्रिटिश, बेल्जियन, फ्रेंच कंपन्या तुटून पडल्या. डोंगरातून खाडीपर्यंत छोट्या रेल्वे आणि हवाई दोरवाटा टाकल्या. खनिज घेऊन वेल्स-इंग्लंडला गेलेली जहाजं येताना कोळसा भरून येत. त्या परतीच्या कोळशावर इथल्या भट्ट्या पेटल्या, आणि खनिजात कमावलेल्या पैशांतून इथल्या गोद्या, बँका, पोलाद कारखाने उभे राहिले.

गंमत म्हणजे १८७८ च्या सुमारास टॉमस आणि गिलख्रिस्ट यांनी भट्टीला अल्कधर्मी अस्तर देऊन फॉस्फरस काढायची युक्ती शोधली, तेव्हाच बिल्बाओच्या खनिजाची मिरास संपायला लागली होती. पण पहिली भरभराट इतकी दणदणीत होती की पुढची शंभर वर्षं गाडं त्या वेगावर चाललं. शहरं मरतात तेव्हा आपण शेवटच्या मालकाला आणि शेवटच्या संपाला दोष देतो. कारण बरेचदा दोन पिढ्या मागे असतं.

---

तिरकस

सगळं मान्य. पण एक सांगा, लोक विमानाचं तिकीट काढून काय बघायला जातात? सांडपाण्याची वाहिनी?

पहिल्या वर्षात तेरा लाखांच्या आसपास माणसं संग्रहालयात आली. त्याआधी बिल्बाओला सहलीसाठी कोण जात होतं? पोलाद विकत घेणारे आणि नातेवाईक. अभियंत्यांना आपली गटारं फार आवडतात, एवढंच मी म्हणेन.

---

रस्तेवाला

तिरकस, टोमणा पोचला. पण त्या वाहिनीचंच सांगतो.

खाडीत कारखान्यांची रसायनं आणि दोन्ही काठांवरच्या वस्तीचं कच्चं सांडपाणी थेट पडत होतं. पाण्यात प्राणवायूच राहिला नव्हता, खालच्या टप्प्यात मासा जगत नव्हता. वास तर विचारूच नका. आराखड्यात दोन्ही काठांना लांबच लांब वाहिन्या टाकून सगळं सांडपाणी सेस्ताओ इथल्या गालिंदोच्या शुद्धीकरण केंद्रात न्यायचं ठरलं. खर्च भागवायला पाण्याच्या बिलात आकार लावला. लोकांनी तो वर्षानुवर्षं भरला, तोही बेकारीच्या काळात. एकूण खर्च संग्रहालयाच्या कित्येक पट झाला. आता तिथे मासे परतलेत आणि खाडीत पोहण्याच्या स्पर्धाही होतात.

गेरीची इमारत ज्या वळणावर आहे तिथे पाण्याला जुना वास असता तर पायऱ्यांवर बसून फोटो कोणी काढले असते? संग्रहालयाने लोक आणले हे मीही नाकारत नाही. ते आले आणि थांबले, यातलं 'थांबले' माझ्या मते गटाराचं श्रेय.

---

सातबारा

माझा प्रांत जमिनीचा, म्हणून रिया २००० बद्दल लिहितो. खरी करामत तिथे आहे, आणि पर्यटन पुस्तिकेत तिच्याबद्दल ओळसुद्धा नसते.

कारखाने आणि बंदर उठल्यावर काठावरची मोक्याची जमीन रिकामी झाली. ती होती कोणाची? काही रेल्वेची, काही बंदराची, काही केंद्राच्या कंपन्यांची. वापर ठरवायचा अधिकार नगरपालिकेचा. पैसा प्रांताकडे. प्रत्येकजण आपला तुकडा धरून बसला असता तर आणखी तीस वर्षं तिथे गवत वाढलं असतं. म्हणून कंपनी अशी केली की निम्मा हिस्सा केंद्राच्या संस्थांचा आणि निम्मा बास्क सरकार, प्रांत आणि नगरपालिका यांचा. एकाला दुसऱ्यावाचून हलता येईना.

पद्धत अशी: जमीनमालक संस्था जमीन कंपनीच्या हवाली करतात. नगरपालिका आरक्षण बदलते. कंपनी जमीन साफ करते, रस्ते-बागा करते आणि काही भूखंड घरांसाठी, कचेऱ्यांसाठी विकते. येणारा नफा वाटून घ्यायचा नाही, तो पुढच्या तोट्याच्या कामात घालायचा. आबान्दोइबारा, म्हणजे गुगेनहाइमच्या शेजारचा पट्टा, जवळपास ३५ हेक्टरचा. तिथली कमाई शहराच्या दक्षिणेकडे रेल्वेमार्ग झाकायला आणि जुन्या वस्त्यांच्या कामाला गेली. वरकमाईच्या जागेवरून नडलेल्या जागेला पैसा, आणि तोही रोजच्या अर्थसंकल्पाला फारसा हात न लावता.

आता कडू भाग. हे यंत्र जमिनीचे भाव चढते असतील तोवरच फिरतं. २००८ मध्ये स्पेनमधला बांधकामाचा फुगा फुटला, भूखंडांना गिऱ्हाईक मिळेना, आणि कंपनीवर कर्ज घेऊन हळूहळू चालायची वेळ आली. ज्यांना हा नमुना उचलायचा आहे त्यांनी हे पान वगळू नये.

---

पायवाट

सातबारा, +१. संग्रही ठेवण्यासारखा प्रतिसाद.

---

अबोली

मी लग्नानंतर बाराकाल्दोमध्ये राहते, खाडीच्या डाव्या काठावर. इथली चर्चा वाचून लिहावंसं वाटलं.

इथे काठावरून माणसाची ओळख होते. उजव्या काठावर खाली गेत्चो, तिथे जुन्या गिरणी-खाण मालकांचे वाडे. डाव्या काठावर बाराकाल्दो, सेस्ताओ, पोर्तुगालेते: कामगारांची गावं, चढावर एकमेकांना चिकटून उभ्या इमारती. दोन्ही काठांना जोडणारा १८९३ चा बिस्काया पूल अजून चालू आहे. वर लोखंडी सांगाडा आणि खाली तारांना टांगलेला पाळणा, त्यात माणसं आणि गाड्या बसून पलीकडे जातात. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. पर्यटक त्याचे फोटो काढतात तेव्हा त्याच पाळण्यात भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका असतात.

आल्तोस ओर्नोस १९९६ मध्ये बंद झाला. आमच्या गावातल्या त्याच्या जागेवर आता प्रदर्शन केंद्र आहे, २००४ चं. सेस्ताओत एक धमनभट्टी स्मारक म्हणून राखली आहे. शेजारी विजेच्या भट्टीचा छोटा पोलाद कारखाना निघाला, पण जिथे हजारो लागत तिथे शेकड्यांत माणसं.

माझे सासरे त्या कारखान्यातले. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांना पन्नाशीतच निवृत्ती दिली, निवृत्तिवेतन ठीक होतं. घरं चालली. म्हणून 'कामगार रस्त्यावर आले' हे जसंच्या तसं खरं नाही. पण त्यांच्या मुलांना ती नोकरी मिळाली नाही, आणि संग्रहालयाच्या आसपास ज्या नोकऱ्या आल्या त्या वेटरच्या, सफाईच्या, हंगामी. वाटाड्याच्या कामाला इंग्रजी-फ्रेंच लागतं. वेल्डरच्या मुलाला ते एका रात्रीत कसं येणार? सासरे संग्रहालयात एकदाच आले, नातवाच्या शाळेबरोबर. कलाकृतींपुढे फार थांबले नाहीत. पण रिचर्ड सेरा या शिल्पकाराची गंजलेल्या पोलादाची ती प्रचंड वळणं आहेत ना, तिथे हात मागे बांधून बराच वेळ चालत राहिले आणि जाडी किती, वाकवली कुठे, एवढंच विचारत होते. वाकवली जर्मनीत, हे कळल्यावर 'हूं' म्हणाले.

एउस्काल्दुनाच्या जागी कोरड्या गोद्या ठेवल्या आहेत, तिथे सागरी संग्रहालय आहे, आणि कारोला नावाची लाल क्रेन उभी आहे. संग्रहालयांतलं मला तेच जास्त आवडतं. शेजारच्या एउस्काल्दुना सभागृहाची इमारत गोदीत अर्धवट बांधलेल्या जहाजासारखी केली आहे, गंजक्या पोलादाची. गोदी कामगारांची मुलं आता तिथे ऑपेरा ऐकतात असं कुणी लिहिलं तर विश्वास ठेवू नका. तिकीट बघा आधी.

---

मेटॅलर्जीकाका

अबोलीताई, 'वाकवली जर्मनीत' वर तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार कळवा.

धातूचा विषय निघालाच आहे तर टायटॅनियमचं सांगतो. पोलादाच्या शहरात पोलाद सोडून टायटॅनियम का? आधी स्टेनलेस स्टीलचाही विचार होता. पण बिल्बाओचं आकाश बरंचसं ढगाळ, पावसाळी. त्या उजेडात स्टेनलेस निस्तेज दिसे आणि टायटॅनियमचा नमुना उबदार, सोनेरीकडे झुके. एरवी परवडलं नसतं, पण तेवढ्यात रशियाने बाजारात माल ओतला आणि भाव पडले. पत्र्याची जाडी सुमारे ०.३८ मिलिमीटर, म्हणजे जाड कागदाच्या जवळपास, आणि असे तेहतीस हजारांच्या घरात पत्रे. कडांना हलकी उशी दिल्यागत फुगवटा दिसतो तो पातळपणामुळेच. प्रत्येक वळण वेगळं, म्हणून आकार मोजायला लढाऊ विमानांसाठी केलेलं काटिया हे फ्रेंच संगणक सॉफ्टवेअर वापरलं.

अंदाजपत्रक सांभाळून काम झालं, हेही लिहून ठेवा. एवढ्या अचाट इमारतीच्या बाबतीत हीच मला सर्वांत अद्भुत गोष्ट वाटते.

---

गवंडी

काकांच्या शेवटच्या वाक्याला जोडून: बिल्बाओची नक्कल करणाऱ्यांनी नेमकं तेच उचललं नाही.

शेफील्ड घ्या, इंग्लंडचं पोलादनगर. तिथे लोकप्रिय संगीताचं राष्ट्रीय केंद्र म्हणून चार मोठ्या पोलादी डब्यांची इमारत मार्च १९९९ मध्ये उघडली. पुढच्याच वर्षी बंद! नंतर ती विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाकडे गेली. स्पेनमध्येच आविलेस नावाचं पोलादाचं गाव आहे, तिथे ऑस्कर नीमायरच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्ष संपायच्या आत राजकीय भांडणात कुलूप लागलं, मग पुन्हा उघडलं. हेलसिंकीने तर २०१६ मध्ये गुगेनहाइमला मतदानाने नकारच दिला. खर्च करदात्यांचा आणि नाव न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठानाचं, हे गणित त्यांना पटलं नाही. बिल्बाओलाही ते तेव्हा पटलं नव्हतं बरं का. इमारतीला सुमारे दहा कोटी डॉलर, चित्रखरेदीला पाच कोटी, वर प्रतिष्ठानाला दोन कोटी, आणि हे सगळं बेकारीच्या ऐन काळात. बास्क शिल्पकार ओतेइसा तर या प्रकल्पावर तुटूनच पडला होता.

उलट उदाहरण हवं असेल तर जर्मनीच्या रूर भागात एसेनची त्सोलफेराइन कोळसाखाण बघा. १९८६ मध्ये खाण बंद झाली. पाडून नवीन बांधायच्या ऐवजी जुन्याच इमारती राखल्या, आत संग्रहालय आणि नृत्य-आरेखनाच्या शाळा घातल्या. २००१ मध्ये जागतिक वारशाचा शिक्का. ड्युइसबुर्गला तर बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची बाग केली आहे, गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक खोल बुडी मारायचा सराव करतात. माझी आवड तिकडे जास्त आहे. आबान्दोइबारामध्ये जुनं फारच थोडं उरलंय.

आणि बिल्बाओत सगळंच साधलं असंही नाही. संग्रहालयापासून जवळच कालात्राव्हा या वास्तुकाराचा पादचारी पूल आहे, सुबिसुरी, १९९७ चाच. पांढरा, सुरेख, आणि पायाखाली काचेच्या लाद्या. जिथे वर्षातला निम्मा काळ भुरभुर पाऊस, तिथे काच! लोक घसरायला लागले, लाद्या फुटायला लागल्या, शेवटी पालिकेने वर गालिचा अंथरला. नंतर पालिकेने पुलाला एक जोड दिली तर वास्तुकार कोर्टात गेला, आणि २००९ मध्ये त्याला ३०,००० युरो मिळालेही. विमानतळाचं नवं टर्मिनलही त्याचंच. तिथे उतरणाऱ्यांना घ्यायला आलेल्यांसाठी सुरुवातीला आत जागाच ठेवली नव्हती.

---

तिरकस

गवंडी, म्हणजे तुमच्या हिशोबाने देखणी इमारत हा गुन्हा आणि गटार हे पुण्य. चालू द्या.

माझा प्रश्न वेगळा आहे. शेफील्डकडे गटारं नव्हती का? मेट्रो नाही तरी ट्राम होती की. मग तिथे का फसलं?

---

सातबारा

चांगला प्रश्न. माझं उत्तर: तिजोरीची किल्ली कोणाकडे होती ते बघा.

बास्क प्रांत आपले कर स्वतः गोळा करतात आणि केंद्राने पुरवलेल्या सेवांपोटी माद्रिदला ठरलेला वाटा देतात. ही जुनी व्यवस्था, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत बिस्कायाची (बिल्बाओचा प्रांत) काढून घेतलेली, १९८१ मध्ये परत मिळाली. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांचं काम आखताना दर निवडणुकीनंतर राजधानीच्या दारात उभं राहावं लागलं नाही. शिवाय प्रांतात आणि शहरात एकाच पक्षाचं वर्चस्व दीर्घकाळ राहिलं, त्याचे तोटे आहेतच, पण आराखडा दर पाच वर्षांनी फाडला गेला नाही. ब्रिटनमधल्या शहरांना लॉटरीच्या निधीतून एकदा पैसे मिळत, आणि मग केंद्र चालवायचा खर्च तिकिटांतून काढा म्हणत. चालायचं कसं?

दुसरं, बिल्बाओ पर्यटनावर जगतं हा समजच चुकीचा. बास्क मुलखाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा आजही स्पेनच्या सरासरीहून बराच वर आहे. यंत्रसामग्री, वीज उपकरणं, मोटारींचे सुटे भाग. भट्ट्या गेल्या, उद्योग शहराबाहेर सरकला आणि बदलला.

---

पायवाट

एक गोष्ट कुणीच काढली नाही. ईटीए, म्हणजे बास्क स्वातंत्र्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना. उद्घाटनाच्या काही दिवस आधी, १३ ऑक्टोबर १९९७ ला, संग्रहालयासमोरच्या, फुलांनी मढवलेल्या भल्यामोठ्या कुत्र्याच्या शिल्पासाठी कुंड्या आणल्याचं सोंग करून आलेल्या अतिरेक्यांना एका बास्क पोलिसाने हटकलं आणि त्यात तो मारला गेला. कुंड्यांमध्ये स्फोटकं होती. ईटीएने कायमचा शस्त्रविराम जाहीर केला २०११ मध्ये. जुन्या गावात आज रात्री अकरा वाजता जी गर्दी दिसते तिच्यात या गोष्टीचाही वाटा धरा. तो कुठल्याच आराखड्यात लिहिलेला नव्हता.

---

रस्तेवाला

पायवाट, महत्त्वाची भर. धन्यवाद.

सध्या सगळ्यांच्या नजरा सोरोसाउरेवर आहेत. नदीतला लांबट द्वीपकल्पाचा तुकडा, जुन्या गोदामांचा. झाहा हदीदने आखणी केली. २०१८ मध्ये देउस्तोचा कालवा वरच्या टोकाला उघडून त्याचं बेट केलं, त्यामुळे पुराचं पाणी वाटलं जाऊन शहराला धोका कमी व्हावा हा हेतू. साधारण साडेपाच हजार घरांचा बेत आहे आणि त्यातली निम्मी सरकारी नियंत्रणातल्या दराची. काही जुन्या कारखान्यांच्या इमारती या वेळी राखल्या आहेत, गवंडींना बरं वाटेल.

---

तिरकस

निम्मी बाजारभावाची, निम्मी नियंत्रित. बरं. आधी कुठली बांधून होतात ते बघू आणि मग बोलू. आबान्दोइबारात पाण्याकडे तोंड करून असलेल्या सदनिकांमध्ये डाव्या काठावरचे किती वेल्डर राहतात, ते अबोलीताई सांगतीलच.

---

अबोली

माझ्या ओळखीत एकही नाही. सासूबाई तिथे एका घरी कामाला जायच्या, पाचव्या मजल्यावर. नजारा छान आहे म्हणतात.